एवढं पण माहीत न्हाई व्हय?

शनिवारी संध्याकाळी कोल्हापुरात गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर आमची बैठक असते. म्हशी समोर उभ्या, धार समोर काढलेली, ग्लासावर बोटभर फेस. ह्या वेळी विषय दत्तादानं काढला. काढला म्हणजे काय, आल्या आल्या ओतला. दत्तादा शिरोलीला एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, शिफ्ट सुपरवायझर आहे.

"नवीन पोरगं आलंय आयटीआयचं. तिसऱ्या दिवशी मला विचारतंय, सर, लॅडल तापवून का घ्यायची? मी म्हटलं, लेका, एवढं पण माहीत न्हाई व्हय? शिकून काय आलास मग? रोज तापवत्यात म्हणून तापवायची!"

लॅडल म्हणजे वितळलेलं लोखंड ओतायचं भांडं. सगळे हसले. बापू हसला नाही. बापू उद्यमनगरात पॅटर्न बनवतो, म्हणजे ज्याच्यावरनं ओतायचा साचा तयार करतात तो नमुना. वीस वर्षं झाली.

"आणि तू सांगितलंस का, का तापवायची ते?"

"सांगायचं काय त्यात? ओल ऱ्हायली तर मेटल उडतंय."

"हे त्याला सांगितलंस?"

दत्तादानं दुधाचा घोट घेतला. बापू सोडतोय होय. म्हणाला, "बर्नर बंद पडल्या दिवशी ते पोरगं एकटं असलं तर? 'रोज तापवतात' एवढंच माहीत असलेला माणूस म्हणंल, आज एक दिवस चालतंय. लॅडलच्या अस्तरात ओल धरलेली असणार, वर चौदाशे अंशाचं लोखंड पडलं की पाण्याची वाफ जागच्या जागी. मग अंगावर काय येतंय ते तू बघितलंयस."

दत्तादानं बघितलंय. त्याच्या डाव्या हातावर डाग आहेत. पण हार मानायचा त्याचा स्वभाव नाही, आणि खरं सांगायचं तर पुढं तो जे बोलला त्यात दम होता. "मर्दा, हे पोरगं विचारलं कधी म्हाईत हाय? मेटल ओतायला घेतल्यावर. तिथं मी भाषण देत बसलो तर मेटल थंड होतंय, मोल्ड नीट भरत न्हाई, मालक माझ्या नावानं शंख करतंय. आणि दुसरं, निम्मी पोरं काम टाळायला विचारत्यात. हे का, ते का. हात हलायला नकोत म्हणून तोंड हलतंय."

हे आम्हा सगळ्यांनाच पटलं. प्रत्येकाच्या ऑफिसात असला एकजण असतोच, मिटिंग संपत आली की हात वर करणारा.

मग बापूनं त्याची स्वतःची गोष्ट काढली. चार वर्षं झाली म्हणे, आजवर आम्हाला सांगितली नव्हती. एका कारखान्याची ऑर्डर, माल अमेरिकेला जाणार. ड्रॉइंग तिकडनंच आलेलं. आपल्याकडं आयटीआयपासून फर्स्ट अँगल शिकवतात, अमेरिकेची ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये असतात. म्हणजे वस्तूकडं डावीकडनं बघितल्यावर जे दिसतं ते आपण चित्राच्या उजवीकडं काढतो, ते लोक डावीकडंच काढतात. कुठल्या पद्धतीचं आहे ते सांगायला कोपऱ्यात एक बारकं चिन्ह असतं, कापलेला शंकू आणि त्याच्या शेजारी दोन वर्तुळं. वर्तुळं शंकूच्या कुठल्या बाजूला आहेत ह्यावर सगळं वाचन फिरतं. बापूनं दुधाचा ग्लास आडवा धरून दाखवलं. तळ इकडं, तोंड तिकडं. फेस सांडला. मी मान डोलावली.

"ते चिन्ह मला दिसलं होतं," बापू म्हणाला. "जरा वेगळं वाटलं. म्हटलं विचारावं का इंजिनियरला? मग म्हटलं वीस जणांत माझं नाव हाय, हे पोरगं कालचं, ह्याला मी काय विचारायचं ड्रॉइंग कसं वाचायचं म्हणून? न्हाई विचारलं. आरशात बघितल्यागत उलटा पॅटर्न झाला. भोक उजवीकडं पाहिजे ते डावीकडं. साठ कास्टिंग ओतून झाल्यावर कळलं."

"आणि इंजिनियर?"

"त्याला वाटलं, बापूनं केलंय म्हणजे बरोबरच असणार."

ह्यावर कोण काही बोललं नाही. म्हशीनं शेपटी झाडली तेवढीच.

सागर पुण्याला असतो, आयटीत. शनिवार-रविवार येतो. त्याला असल्या शांततेत विमान घुसवायची सवय आहे. त्यानं टेनेरिफचा अपघात सांगितला. 27 मार्च 1977, बेटावरचा विमानतळ, धुकं, धावपट्टीवर दोन जम्बो, एक डच आणि एक अमेरिकेच्या पॅन अ‍ॅम कंपनीचं. डच विमानाचा कॅप्टन उड्डाणाची परवानगी नसतानाच निघाला. मागं बसलेल्या फ्लाइट इंजिनियरनं विचारलं, ते पॅन अ‍ॅमचं विमान अजून बाजूला झालं नाही का? कॅप्टननं ठासून सांगितलं, झालं की. माणूस कंपनीतला बडा, जाहिरातीत त्याचा फोटो. इंजिनियर गप्प बसला. 583 माणसं गेली.

दत्तादा एकदम सरळ झाला. "हे बघ! विचारलं होतं की न्हाई? मग काय उपयोग झाला तुमच्या प्रश्नाचा?"

सागरकडं उत्तर नव्हतं. ते वैशालीकडं होतं. ती एका दवाखान्यात ऑपरेशन थिएटरला नर्स आहे, घरी दूध न्यायला आलेली, स्कूटर अजून स्टँडवरसुद्धा लावली नव्हती.

"विचारणाऱ्यावर सोडलं की हेच होणार, दत्तादा. आमच्यात प्रश्न यादीतच असत्यात. डब्ल्यूएचओनं 2008 ला यादी काढलीया. भूल द्यायच्या आधी पेशंटलाच विचारायचं, तुमचं नाव काय, ऑपरेशन कशाचं, कुठल्या बाजूचं. सुरी लावायच्या आधी सगळ्यांनी आपापलं नाव आणि काम सांगायचं. मी पहिल्यांदा थिएटरला गेलो तेव्हा मला हसायला आलं. रोजचीच माणसं, नाव काय सांगायचं? पण एकदा तोंड उघडलं की दुसऱ्यांदा उघडायला जड जात न्हाई. आणि सर्जनलाबी उत्तर द्यायलाच लागतंय, कारण मी विचारत न्हाई, कागद विचारतोय."

"फरक पडला काय पण?"

"आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत करून बघितलं होतं, दिल्लीपण होती त्यात. मृत्यू दीड टक्क्यावरनं 0.8 वर आले. 2009 ला छापून आलं." मग जरा थांबून, प्रामाणिकपणानं, "कॅनडात ऑन्टॅरिओला शंभरावर हॉस्पिटलांत सक्तीनं लावली, तिथं म्हणण्यासारखा फरक दिसला न्हाई. तेबी छापलंय, 2014 ला."

"टिका मारल्या असतील नुसत्या," दत्तादा म्हणाला. स्वतःच्या रजिस्टरचा अनुभव बोलत होता, हे आम्हाला कळलं.

"तेच म्हणायचंय मला. मोठा माणूस मनापासनं ऐकणार नसला तर यादी काय आणि पोरगं काय."

माझं मत विचाराल तर दत्तादाचं वेळेचं म्हणणं मला अजून पटतं. मेटल हातात असताना शाळा नको. पण बापूच्या गोष्टीत पोरगं नव्हतंच. तिथं अडला तो वीस वर्षांचा माणूस, ज्याला अडाणी दिसणं परवडणार नव्हतं. नवीन पोराला निदान 'नवीन आहे' हे कारण असतं, दोन शिव्या खाऊन का होईना, विचारता येतं. जुन्याची ती सोय पहिल्या वर्षीच संपते. म्हणून मला वाटतं, मिटिंगमध्ये पहिला बाळबोध प्रश्न साहेबानंच विचारावा. साहेबाला हसायची कुणाची छाती नाही. बँकेत माझ्या अख्ख्या नोकरीत असला एकच साहेब भेटला. "हे मला पहिलीच्या पोराला सांगितल्यागत सांगा," म्हणायचा, आणि सांगता सांगता आमचीच गडबड आम्हाला सापडायची. त्याच्या मागं आम्ही त्याला ढ म्हणायचो, हेही लिहून टाकतो.

दत्तादा उठताना एवढंच म्हणाला, "सोमवारी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं बसवतो त्याला. पण मेटल वितळल्यावर विचारलं तर हाणणार."

घरी आलो. रात्री अकराला राहवेना, बापूला फोन लावला.

"बापू, ते शंकूचं ग्लास आडवा धरून दाखवलंस ना, मला काय कळलं न्हाई बघ."

"म्हाईत हाय," बापू म्हणाला. "तुझ्या तोंडावरच दिसत होतं."

"मग परत सांगायचंस की मर्दा!"

"तू कुठं विचारलंस?"