साडेपाच युरोचा कॅपुचिनो: एका वाचकाच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: इटलीतल्या खाण्यापिण्यावरच्या आमच्या लेखात कॉफी सव्वा-दीड युरोला मिळते म्हटलंय, तुम्हाला व्हेनिसमध्ये एका कॅपुचिनोचे ५.५० युरो मोजावे लागले. फ्लॉरेन्समध्ये चौघांच्या बिलात ‘कोपेर्तो’चे, म्हणजे टेबलावर बसण्याच्या माणशी आकाराचे, १२ युरो लागले, पावाला तर कुणी हातही लावला नव्हता. ‘लात्ते’ मागितली तर ग्लासभर दूध आलं. बिलासाठी पाऊण तास ताटकळलात. म्हणजे इटलीत पर्यटकाला लुबाडतात आणि लेख नुसता गोडगोड आहे.

गोडगोड असल्याचा आरोप अर्धा मान्य. लुबाडल्याचा मात्र नाही, निदान या चार बाबतींत तरी.

आधी कॉफी. आपल्याकडे ‘बार’ म्हटलं की परमिट रूम आठवते. इटलीतला बार कामाच्या दृष्टीने अमृततुल्याच्या जवळचा: आत शिरा, उभ्याने प्या, निघा. लेखातला दर या उभ्याने पिण्याचा, म्हणजे ‘अल बांको’चा होता. खुर्चीवर बसलात की ‘अल तावोलो’चा दर लागतो. तो दुप्पट-तिप्पट असू शकतो, आणि चौकात मांडलेल्या खुर्च्यांचा त्याहूनही जास्त. कॉफी तीच, कप तोच. जास्तीचे पैसे जागेचे आणि वाढणाऱ्या माणसाचे. व्हेनिसच्या सान मार्को चौकातल्या १७२० सालापासूनच्या फ्लोरियान कॅफेमध्ये वादक वाजवत असतील तर त्याचाही माणशी वेगळा आकार लागतो. दरफलक लावणं बंधनकारक आहे, आणि टेबलाचा दर ऑर्डर देण्याआधी गिऱ्हाइकाला कळायला हवा, असा नियम आहे. तुम्हाला मेनू न दाखवताच ऑर्डर घेतली असेल तर ती त्यांची चूक. दाखवला असेल तर ५.५० युरो महाग म्हणा, फसवणूक नव्हे.

उभ्याने पिण्याची रीत लेखात एका ओळीत उरकली होती, ती नीट सांगायला हवी. स्टेशनवरच्या किंवा गर्दीच्या बारमध्ये आधी ‘कास्सा’वर, म्हणजे गल्ल्यावर, पैसे भरायचे. हातात ‘स्कोन्त्रीनो’ येतो, ती पावती. ती काउंटरवर ठेवून पुन्हा तोंडाने सांगायचं, ‘उन काफ्फे’. कॉफीवाला तुमच्यासमोर आधी बशी आणि चमचा ठेवतो. ऑर्डर लक्षात आल्याची ती खूण. पावती बरेचदा थोडी फाडून परत ठेवतो, म्हणजे तीच पावती दुसऱ्यांदा चालत नाही. मग येतो तळाशी जेमतेम २५ मिलीलीटर कॉफी असलेला जाड कप. तीन घोटांत संपतो. गल्लीबोळातल्या छोट्या बारमध्ये उलट, आधी पिऊन मग पैसे. कोणती पद्धत आहे ते कळत नसेल तर पुढचा माणूस काय करतो ते पाहावं. घोटाळा नेमका कुठे होतो? काउंटरच्या दराने कप घेऊन लोक बाहेरच्या खुर्चीत जाऊन बसतात. मग वेटर उठवतो किंवा फरक मागतो, आणि अपमान झाल्यासारखं वाटतं.

लात्ते म्हणजे इटालियनमध्ये फक्त दूध. त्यांनी मागितलं तेच दिलं. ‘काफ्फेलात्ते’ म्हणायचं.

आता कोपेर्तो. हा ताटावाटीचा आणि टेबलाचा माणशी आकार, साधारण १.५० ते ३ युरो. पाव त्याच्याबरोबर येतो म्हणून तो पावाचा दर वाटतो. खरं तर पाव खाल्ला-न खाल्ला, फरक पडत नाही. चौघांचे १२ म्हणजे माणशी ३, वरच्या टोकाचा पण नेहमीचाच दर. मेनूच्या तळाशी बारीक अक्षरांत तो छापलेला असतो. छापलेला नसेल तर बिलातून काढायला सांगता येतं. ही टिप नव्हे, पैसे मालकाकडे जातात. ‘सेर्वित्सियो’, म्हणजे सेवाशुल्क, म्हणून १०-१२ टक्के वेगळे लावले असतील तर वर टिप ठेवायची गरज उरत नाही.

इथे चूक आमची. कोपेर्तो देशभर सारखाच लागतो असं लिहिलं होतं. रोम ज्या लात्सिओ प्रांतात येतं तिथे २००६ च्या प्रांतिक कायद्याने कोपेर्तोला मनाई आहे. तिथे बिलात ‘पाने’, म्हणजे पाव, असा वेगळा आकार दिसतो, आणि तो नाकारता येतो. पण टोपली टेबलावर येताच ‘निएन्ते पाने, ग्रात्सिए’ म्हणायला हवं. दोन तुकडे खाऊन झाल्यावर नाही.

बिलाचं म्हणाल तर न मागता बिल आणणं म्हणजे गिऱ्हाइकाला उठा म्हणणं, असं तिथे समजतात. वेटर तुमच्या हाकेची वाट पाहत होता, तुम्ही त्याची. ‘इल कोंतो, पेर फावोरे’, एवढंच.

खरा खिसा कापला जातो तो तुमच्या यादीत नसलेल्या जागी, मासळीवर. मेनूत अख्ख्या माशापुढे ६ युरो दिसतात आणि बाजूला ‘अल्लेत्तो’. एत्तो म्हणजे १०० ग्रॅम. मासा ८०० ग्रॅमचा निघाला की ४८ युरो. कधी आकड्याऐवजी नुसतं ‘एस. क्यू.’ असतं, म्हणजे वजनाप्रमाणे. मासळीबाजारात कोळणीशी घासाघीस करणारी आपली माणसं इथे मात्र संकोचाने गप्प बसतात. मासा शिजवण्याआधी टेबलाशी आणून दाखवायला सांगा, वजन करून घ्या, एकूण किंमत विचारा. यात कुणाला काही वाटत नाही. फ्लॉरेन्सची बिस्तेक्का, म्हणजे गोमांसाचा जाड भाजलेला तुकडा, खाणाऱ्यांनीही हेच करावं. तिचा भाव बहुधा किलोवर असतो आणि तुकडा सहसा किलोच्या खाली येत नाही.

लात्सिओची दुरुस्ती आणि मासळीचा परिच्छेद मूळ लेखात आज घातला आहे. व्हेनिसचं ते बिल जपून ठेवलं असेल तर एकदा पाहा, त्यावर कोपेर्तो आणि सेर्वित्सियो दोन्ही आहेत का.