कोरीला उपाशी ठेवू नका

कोरी (कोरीडोरास) या घरच्या काचेच्या टाकीत पाळायच्या माशावरच्या तुमच्या लेखातलं 'टाकीतली घाण खाते, वेगळं खाद्य लागत नाही' हे वाक्य कृपया काढा. असं वाचूनच लोक कोरीला उपाशी मारतात. काचेवरचं शेवाळसुद्धा ती खात नाही. तळाची वाळू मिशांनी चाळत किडे-अळ्या शोधणारा हा मासा आहे, त्याला खाद्याच्या बुडणाऱ्या गोळ्या रोज द्यायलाच हव्यात. आणि खाली बारीक वाळूच हवी, टोकदार खडीवर मिशा झिजून जातात.

लेखात आपल्या उन्हाळ्याचा तर उल्लेखच नाही. लेखाच्या फोटोतली ठिपक्यांची पेपर्ड कोरी दक्षिण अमेरिकेतल्या थंडसर पाण्यातली. तिला २२-२४ अंश मानवतं. परभणी-नांदेडचा मे महिना तिला कसा झेपणार? पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन घटतो. कोरी वर झेपावून हवेचा घोट घेते, तो आतड्यातून शोषते. अधूनमधून हे ठीक, पण सारखं सुरू झालं तर झाकणाऐवजी जाळी टाका, पाण्यावर पंख्याचा वारा सोडा, एअर पंप बंद करू नका.

पकडताना जाळी वापरू नका, परांचे काटे अडकतात. वाटीने अलगद काढा.