‘चार खरा, पाच खोटा’ या फिरत्या मजकुराला उत्तर

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या गेम खेळणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक लांबलचक मजकूर सतत फिरत असतो, आणि गणपतीत चाकरमान्यांची मुले गावी आली की त्याला नव्याने धार चढते. त्याचा गोषवारा असा: ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ (जीटीए) या व्हिडिओ गेमच्या मालिकेत प्रत्येक भागागणिक वास्तवता वाढत गेली, २००८ च्या ‘फोर’मध्ये ती कळसाला पोहोचली आणि २०१३ च्या ‘फाइव्ह’मध्ये रॉकस्टार कंपनीने ती जाणूनबुजून काढून टाकली. पुरावा म्हणून गाड्यांचे वजन, माणसांचे पडणे, गाड्यांची मोडतोड, आत जाता येणारी दुकाने आणि पोलीस असे पाच मुद्दे दिलेले असतात, जोडीला दोन्ही भागांतली दृश्ये शेजारीशेजारी लावलेला एखादा व्हिडिओ असतो, आणि शेवटी ‘आळस आणि पैशाचा लोभ’ हे कारण ठोकून दिलेले असते. या मजकुरातली काही निरीक्षणे बरोबर आहेत आणि ती मी नाकारणार नाही. पण त्यांवर रचलेला निष्कर्ष टिकत नाही, कारण या मालिकेने प्रत्येक वेळी वास्तवाचा एक तुकडा उचलला आणि दुसरा खाली ठेवला आहे, आणि हे ठेवणे ‘फाइव्ह’पासून सुरू झालेले नाही.

पहिले विधान भागागणिक चढत जाणाऱ्या वास्तवतेचे. २००१ चा ‘थ्री’ आणि २००२ चा ‘व्हाइस सिटी’ या दोन्हींत नायक खोल पाण्यात पडला की मरतो. व्हाइस सिटी हे सगळे किनाऱ्यावर वसलेले शहर असूनही त्याला पोहता येत नाही, ही गोष्ट आपल्याकडच्या मुलांना तेव्हाही हास्यास्पद वाटायची. २००४ च्या ‘सॅन अँड्रियास’मध्ये नायक सीजे पोहू लागला, पाण्याखाली बुडी मारू लागला, आणि सरावाने त्याचा दम वाढू लागला. तो जेवला नाही तर रोडावतो, बर्गर हाणत राहिला तर सुटतो, एका बैठकीत अति खाल्ले तर ओकतो, जिममध्ये गेला तर दंड कमावतो. सायकल आहे, पॅराशूट आहे, विमाने आहेत. (त्याच गेममध्ये पाठीला बांधून आकाशात उडण्याचे जेटपॅकही आहे, हे ‘सॅन अँड्रियास म्हणजे खरे आयुष्य’ म्हणणाऱ्यांनी विसरू नये.) आता ‘फोर’कडे पाहा. त्याचा नायक निको पोहतो, पण बुडी मारू शकत नाही. जिम गेली, वजन वाढणे-घटणे गेले, सायकल गेली, खेळाडूला चालवता येणारी विमाने गेली. पॅराशूट मूळ गेममध्ये नव्हतेच, ते २००९ च्या जोडभागात आले. म्हणजे जी कसोटी हा मजकूर ‘फाइव्ह’ला लावतो ती २००८ साली ‘फोर’ला लावली असती, तर ‘फोर’च नापास झाला असता. बुडी, सायकल, विमान आणि पॅराशूट या चारही गोष्टी मूळ गेममध्ये परत आल्या त्या ‘फाइव्ह’मध्येच.

दुसरा मुद्दा गाड्यांचा, आणि तो या मजकुराचा कणा आहे, म्हणून त्यावर जरा थांबावे लागेल. ‘फोर’मधली गाडी ब्रेक दाबताच नाक खाली घालते, वळणावर एका अंगावर कलते, आणि वेग आवरला नाही तर वळण सोडून सरळ निघून जाते. चाकांवर तोललेले जड धूड आपण हाकतो आहोत ही जाणीव तिथे पदोपदी होते. ती ‘फाइव्ह’मध्ये नाही, हे शंभर टक्के मान्य. पण जाणीव होणे वेगळे आणि खऱ्या गाडीसारखे वागणे वेगळे. जो माणूस परशुराम घाटातून किंवा कशेडीतून नेहमी गाडी नेतो, त्याच्या हाती ‘फोर’चा कंट्रोलर देऊन पाहावे. साधी चारचाकी वळणावर कलते खरी, पण भरतीच्या पाण्यातल्या होडीसारखी हेलकावत नाही, आणि ब्रेक मारल्यानंतर जितक्या लांब ‘फोर’मधली गाडी घसरत जाते तितकी आपली गेली, तर आपण ती त्याच दिवशी गॅरेजला लावू. ‘फोर’ने वजन दाखवले ते वाढवून दाखवले, ती एक शैली आहे, आणि मला ती आवडते, पण आवड हा पुरावा नव्हे.

‘फाइव्ह’ने दुसरे टोक गाठले हेही खरेच. तिथली गाडी रस्त्याला चिकटून धावते, आणि उडालेली गाडी हवेतच स्टिकने फिरवून चाकांवर उतरवता येते, याला वास्तवाच्या नावाने कोणताही बचाव नाही. मात्र घाटात गाडी शिकणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो उतारावर दुसरा गियर टाकून इंजिनाच्या जोरावर गाडी आवरण्याचा, आणि तो धडा दोन्ही भागांत सारखाच गैरहजर आहे, कारण गियर खेळाडूच्या हाती दिलेलाच नाही. क्लच नाही, पंपावर जाऊन पेट्रोल भरावे लागत नाही, लांब उतारावर ब्रेक तापून सैल पडत नाहीत. ज्या गोष्टींनी प्रत्यक्षात गाडी चालवणे अवघड होते त्या सगळ्या दोघांनीही बाजूला ठेवल्या आहेत. आणि ‘फोर’चे लिबर्टी सिटी हे निव्वळ शहर असल्याने तिथे मातीची वाट, डोंगराचा कडा यांवर गाडी कशी वागते हा प्रश्न फारसा उद्भवत नाही, ‘फाइव्ह’मध्ये माउंट चिलियाड या डोंगराच्या कच्च्या वाटेवरून उतरताना तो उद्भवतो. २०१४ च्या नव्या आवृत्तीत तर गाडीच्या आत बसल्यासारखे दृश्य आले आणि डॅशबोर्डावरचा वेगाचा काटा वेगाबरोबर हलू लागला. शेजारीशेजारी लावलेल्या व्हिडिओत हे दिसत नाही, कारण व्हिडिओ करणाऱ्याने दृश्ये निवडताना ‘फोर’ ज्यात सरस आहे तीच निवडलेली असतात.

तिसरा मुद्दा माणसांच्या पडण्याचा. मजकूर म्हणतो की ‘फोर’मधले युफोरिया तंत्रज्ञान ‘फाइव्ह’मध्ये काढून टाकले. हे सरळसरळ चूक आहे. नॅचरलमोशन कंपनीचे युफोरिया दोन्ही भागांत आहे; त्यात माणसाचा तोल जाणे आधी रेखाटून ठेवलेले नसते, तर धक्का कुठून आणि किती जोरात बसला यावरून त्या क्षणी हिशोब करून घडवले जाते. फरक त्याच्या मात्रेत आहे. ‘फोर’मध्ये कोणाची गाडी पळवताना तो माणूस दाराच्या मुठीला धरून लोंबकळतो, चार पावले फरफटतो आणि मग हात सुटून रस्त्यावर कोलमडतो, जिन्यावर धक्का लागलेला माणूस पुढची पायरी शोधत हात पसरतो. ‘फाइव्ह’मध्ये माणसे लवकर कोसळतात, तोल सावरण्याची ही धडपड पुष्कळ कमी केलेली आहे. हे नुकसान आहे, आणि मला ते गाड्यांपेक्षा अधिक जाणवते. पण ‘कमी केले’ला ‘काढून टाकले’ म्हणणे म्हणजे वाचकाच्या अज्ञानावर विसंबणे आहे. शिवाय गोळ्या लागून मेलेला निको इस्पितळाबाहेर उभा राहतो आणि थोडे पैसे कापले की पुन्हा धावू लागतो, हा हिशोब ‘थ्री’पासूनच्या कोणत्याच भागाने बदललेला नाही.

गाड्यांची मोडतोड ‘फोर’मध्ये अधिक खोल आणि अधिक पटण्याजोगी आहे. यावर वाद नाही.

दुकानांचा मुद्दाही अर्धा मान्य. ‘सॅन अँड्रियास’ आणि ‘फोर’ या दोन्हींत खानावळीत शिरून खाता येते. ‘फाइव्ह’च्या कथेत त्या खानावळींची दारे बंद आहेत, आणि एवढ्या मोठ्या शहरात ती बंद असणे खटकते. पण मजकूर फक्त दारे मोजतो, दारांबाहेरचे काही मोजत नाही. ‘फाइव्ह’मध्ये शहराच्या पलीकडे वाळवंट आहे, जंगल आहे, हरणे आणि डोंगरी सिंह आहेत, आणि आपल्याला ज्याची पारख अधिक असायला हवी तो समुद्र आहे. तारकर्लीला बुडी मारून आलेल्या माणसाला हे लगेच कळेल: काठाजवळचा तळ दिसतो, पुढे तो खोल जातो, प्रकाश मंदावतो, मासे आणि शार्क फिरतात, लहान पाणबुडी घेऊन तळाशी जाता येते, आणि दम संपला की जीव जाऊ लागतो. ‘फोर’चे पाणी म्हणजे वरून पाहायचा पृष्ठभाग, त्याच्या खाली खेळाडूला प्रवेशच नाही. किनाऱ्यावरच्या मुलांनी उघड्या दारांचा हिशोब ठेवावा आणि समुद्राचा ठेवू नये, याचे मला नवल वाटते.

पोलिसांबद्दल थोडक्यात. ‘फाइव्ह’चे पोलीस निर्जन डोंगरातही कुठूनसे उगवतात आणि गोळीबाराला फार घाई करतात, ही तक्रार रास्त आहे. मात्र ‘फोर’मध्ये नकाशावरच्या एका वर्तुळाबाहेर न दिसता निसटलात की पाठलाग संपतो, तर ‘फाइव्ह’मध्ये पोलिसांची नजर कुठवर पोहोचते याला महत्त्व आहे आणि गल्लीबोळात दडून बसता येते. दोन्हींत काही पटणारे आहे, काही न पटणारे.

राहिले कारण. आळस हा आरोप करणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की ‘फोर’ आणि ‘फाइव्ह’ हे दोन्ही मुळात एकाच पिढीच्या यंत्रांवर, म्हणजे प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर आले. एक्सबॉक्स ३६० मध्ये एकूण ५१२ एमबी मेमरी होती, प्लेस्टेशन ३ मध्ये २५६-२५६ अशी विभागलेली. तेवढ्याच जागेत आधीपेक्षा कितीतरी मोठा मुलूख, समुद्राचा तळ, प्राणी आणि क्षणात एकमेकांत बदलणारे तीन नायक बसवायचे, तर प्रत्येक पादचाऱ्याच्या तोल सावरण्यावर आणि प्रत्येक पत्र्याच्या चुरगळण्यावर पूर्वीइतकी शक्ती खर्च करणे कठीण, हे माझे अनुमान आहे. पण ‘आळस’ या अनुमानापेक्षा ते हाती असलेल्या तथ्यांना अधिक जुळते. १ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झालेल्या ‘जीटीए ऑनलाइन’ने, म्हणजे इंटरनेटवर अनेकांनी मिळून खेळायच्या ‘फाइव्ह’च्या रूपाने, कंपनीला अमाप पैसा मिळवून दिला, हे खरे, परंतु त्याच कंपनीने २०१८ मध्ये ‘रेड डेड रिडेम्पशन २’ काढला, ज्यात बंदूक पुसली नाही तर ती खराब होते, दाढी दिवसागणिक वाढते, घोड्याला चारावे-खरारावे लागते आणि थंडीत योग्य कपडे नसतील तर प्रकृती ढासळते. वास्तवतेवरचा विश्वास उडालेली कंपनी हे करत नाही. गंमत अशी की ‘फोर’ची थोरवी सांगणाऱ्यांपैकीच कित्येकांनी हा गेम ‘फारच संथ’ म्हणून अर्ध्यावर सोडला.

मजकुराच्या ताज्या आवृत्तीत आणखी एक वाक्य जोडलेले असते: ‘सिक्ससुद्धा फाइव्हसारखाच निघणार, ट्रेलरमध्येच दिसते.’ ‘सिक्स’चा, म्हणजे सहाव्या भागाचा, पहिला ट्रेलर डिसेंबर २०२३ मध्ये आला, दुसरा मे २०२५ मध्ये. त्यांत किनाऱ्यावरची गर्दी दिसते, केसांचे हलणे दिसते, ऊन आणि पाणी दिसते. ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरावर थांबते, किंवा धक्का लागलेला माणूस तोल सावरायला किती पावले टाकतो, हे त्यांवरून ठरवता येत नाही.