सतरा अंकी अपमान

राउटर बदलायला परवा जो मुलगा आमच्याकडे आला होता, त्याने माझ्या पासवर्डाला ‘वीक’ म्हटले, ही गोष्ट अजून माझ्या घशाखाली उतरलेली नाही. तो पासवर्ड १२३४५६७८९८७६५४३२१ असा होता.

नऊ एकांच्या संख्येचा, म्हणजे १११११११११ चा, हा वर्ग आहे. तो उलटा वाचला तरी तसाच राहतो. अंकांची बेरीज ८१ येते आणि ८१ ने त्याला निःशेष भागही जातो. भास्कराचार्यांनी दिलेल्या एकं, दहं, शतं अशा स्थाननामांत तो ‘मध्य’ या स्थानापर्यंत पोहोचतो, आणखी एक अंक असता तर ‘परार्ध’ या शेवटच्या स्थानालाच टेकला असता. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांना अशा संख्यांचा विचार मुंबईजवळच्या एका रेल्वे स्थानकावर सुचला आणि त्या स्थानकावरूनच त्यांनी त्यांना ‘डेम्लो संख्या’ हे नाव दिले. आम्हांला स्थानकावर शिव्यांपलीकडे काही सुचत नाही, ते सोडा.

“काका, एक-दोन-तीन-चार कुणीही ओळखतं,” मुलगा म्हणाला.

“पण नवानंतर तो उलटा फिरतो, हे कोण ओळखणार?”

“मी ओळखलं होतं की,” दारात उभे असलेले शेजारचे नाना अभिमानाने म्हणाले. “गेल्या गणपतीपासून तुमच्याच नेटवर चाललंय आमचं.”

नानांकडे दुर्लक्ष करून मी त्या मुलाला फोनवर १११११११११ ला त्याच संख्येने गुणायला सांगितले, कारण डोळ्यांदेखत तो मनोरा उभा राहिला की त्याची मान आपोआप खाली जाईल, अशी माझी भाबडी समजूत होती. पडद्यावर १.२३४५६७९, पुढे कॅपिटल ई आणि शेवटी १६ असे उमटले. आठाचा पत्ता नव्हता. जागा पुरेना म्हणून यंत्राने माझी संख्या छाटून, वर तिला दशांशचिन्ह लावले होते; ते सोळा घरे उजवीकडे सरकवा, एवढाच त्या ई-सोळाचा अर्थ.

“बघा! डॉट आला, कॅपिटल आलं. हाच ठेवू या, स्ट्राँग आहे,” असे म्हणून त्याने ते भरले आणि लाल पट्टी हिरवी झाली. बिनचूक उत्तर दुबळे आणि अंदाजे उत्तर बळकट! गुणाकार शिकवण्यात हयात घालवलेल्या शिक्षकांनी आता कुठे तोंड लपवावे?

रात्री झोप लागेना, तेव्हा यंत्राने नेमके किती पदरचे घातले ते पाहण्यासाठी मी कागदावर १२३४५६७९००००००००० मधून माझी संख्या वजा केली. उत्तर आले १२३४५६७९, म्हणजे छाटलेल्या संख्येच्या आरंभीचे तेच आठ अंक! या १२३४५६७९ ला नवाने गुणले की पुन्हा नऊ एक मिळतात, म्हणजे फिरून आपण माझ्या वर्गाच्या मुळाशीच येतो. हे कुणाला तरी सांगितल्यावाचून मला राहवेना.

सकाळी नाना दूध घ्यायला बाहेर आले, तेव्हा त्यांना उभे करून मी कागदासकट सगळे समजावले. त्यांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, “त्यातला ई मोठा की छोटा?”