म्हणे मदत ओतली!

"श्रीमंत देशांनी मदतीचे इतके अब्ज ओतले, तरी हे देश गरीबच कसे?" हे वाक्य परत कुणी ऐकवलं, तर माझ्या तोंडून काहीतरी वाईट निघणार आहे. ओतले कुठे, ते तरी बघा आधी!

2022 साली ब्रिटननं परदेशी मदत म्हणून जो पैसा दाखवला, त्यातला जवळपास 29 टक्के ब्रिटनमध्येच खर्च झाला. आश्रयाला आलेल्यांच्या हॉटेलांची बिलं त्यातच. त्यांना छप्पर द्यायलाच हवं, वाद नाही, पण ते आफ्रिकेतल्या पोरांच्या लसीच्या पैशातून कशाला? तर म्हणे नियमात बसतं, पहिल्या वर्षाचा खर्च मदतीत धरता येतो. नियम केले कुणी? मदत देणाऱ्या देशांच्याच समितीनं! पेपर काढणार हेच, लिहिणार हेच, तपासणारही हेच.

अमेरिका मदत म्हणून धान्य पाठवते, त्याचंच बघा. कित्येक वर्षं नियम काय, तर धान्य शक्यतो अमेरिकेतलंच, आणि त्यातलं निदान निम्मं अमेरिकी झेंड्याच्याच जहाजातून न्यायचं. त्या जहाजांचं भाडं महाग, आणि मागणीपासून धान्य पोचेपर्यंत काही महिने. दुष्काळग्रस्तांच्या शेजारच्या जिल्ह्यात धान्य विकायला असलं तरी घ्यायचं नाही, समुद्रापलीकडून आणायचं. आणि उपाशी माणसानं तोवर काय करायचं, बंदराकडे डोळे लावून बसायचं?

झारीतले शुक्राचार्य तरी किती! सरकारकडून मोठी संस्था, तिच्याकडून कंत्राटदार, मग उपकंत्राटदार, आणि प्रत्येकाचा व्यवस्थापन खर्च वेगळा. गावात राहून काम करणाऱ्या संस्थेच्या हाती काय उरतं? अहवालाचा फॉर्म. 2016 मध्ये इस्तंबूलच्या जागतिक परिषदेत मोठ्या देणगीदार देशांनी आणि मदतसंस्थांनी कबूल केलं होतं, की 2020 पर्यंत आणीबाणीच्या मदतीतला चौथा हिस्सा स्थानिक संस्थांकडे जाईल. 2020 आलं आणि गेलं. एकूण मदतीतला थेट स्थानिकांना मिळालेला वाटा चौथ्या हिश्श्याच्या आसपाससुद्धा फिरकला नाही.

आणि ती बिस्किटं! ती काही डोक्यातून जात नाहीत. अफगाणिस्तान-पाकिस्तानातल्या भुकेल्या मुलांसाठी अमेरिकेनं घेतलेली, भरपूर ऊर्जेची, सुमारे 500 टन. दुबईच्या गोदामात पडून. 2025 मध्ये वरची माणसं अमेरिकेचं परदेशी मदतीचं खातंच (यूएसएड) गुंडाळण्यात गुंतलेली, बिस्किटं हलवायची परवानगी द्यायला कुणाला सवड नाही. जुलैत मुदत संपली. मग ठरलं, नष्ट करा. त्यासाठी आणखी सुमारे 1 लाख 30 हजार डॉलर लागणार होते. त्याची मंजुरी मात्र अडली नाही हो कुठे!