‘भज्जी खायला येता, ज्वारी काढायला या’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

लातूर-धाराशिवकडच्या ज्वारी-हरभऱ्याच्या रानांची सांस्कृतिक किंमतही सरकारी हिशेबात धरावी, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर औशाकडच्या एका वाचकांनी चांगलंच सुनावलंय (येळवस म्हणजे वेळा अमावास्येला रानात पूजा करून जेवायचा तिकडचा सण, भज्जी ही त्या दिवशीची मिश्र भाजी): ‘येळवशीला भज्जी खायला येता, तसं ज्वारी काढायलाही या. माणूस मिळत नाही. सोयाबीन निदान मशीनमधून झटक्यात घरात येतं. तुमच्या संस्कृतीनं बँकेचा हप्ता फिटत नाही.’

हप्त्याचं तुम्ही म्हणता ते खरंच आहे. रब्बीची ज्वारी हातानं उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची. हे कुणी हौसेनं करावं असं मी म्हटलेलं नाही. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. रानाची ही सांस्कृतिक किंमत आज शून्य धरतात, म्हणून तिचा भार एकट्या तुमच्यावर पडतो.

येळवशीचंच बघा ना. कोप, म्हणजे खोपी, उभी राहते कडब्याच्या पेंढ्यांची. आत पांडव म्हणून पुजलेले, चुना लावलेले दगड. भज्जीत तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे, चिंचेचं पाणी आणि बेसन. सोबत ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील. म्हणजे हा सण मिश्र पिकांच्या रानातूनच आलाय. नुसता ऊस असलेल्या शिवारात कडबा विकत आणावा लागतो आणि दाणे मंडईतून. त्या दिवशी लातूर जिल्ह्यात स्थानिक सुट्टी असते, शहर ओस पडतं, सगळे रानात. परवडत नसताना ज्यानं दोन एकर ज्वारी राखली, त्याच्या जिवावर ही मजा. (बांधावरून भावाभावांची डोकी फुटतात तेही याच रानात, हे मला ठाऊक आहे. गोडगोड चित्र रंगवत नाही.)

सरकारी हिशेबात यातलं काय धरतात, ते बघायला भूसंपादनाचा 2013 चा कायदा काढून बघा. बाजारभाव, ग्रामीण भागासाठी गुणक, वर 100 टक्के दिलासा रक्कम. विहीर, पाइपलाइन, झाडं सगळं मोजतात. चिंचेच्या झाडाचे पैसे मिळतात. तिच्याखाली पिढ्यान्‌पिढ्या पांडव मांडले, त्या जागेचा रकाना मोबदल्याच्या तक्त्यात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकारानं झालेल्या 2005 च्या परिसंस्था मूल्यांकनात अन्न-पाण्याच्या बरोबरीनं सांस्कृतिक लाभांचा वेगळा गट आहे. आपल्याकडच्या मोबदल्याच्या मोजणीत तो उतरलेला नाही.

मोजायचं कसं, हा खरा तिढा. ‘हे टिकवायला तुम्ही किती पैसे द्याल?’ असं लोकांना विचारण्याची एक पद्धत आहे. मला ती पटत नाही. पुण्यातला पगारदार हजार म्हणेल, भूमिहीन मजूर दहा. म्हणून काय मजुराची येळवस स्वस्त झाली? त्यापेक्षा रानात काय काय पिकतं, कोणतं वाण राखलंय, किती घरं तिथं येऊन जेवतात, हे नोंदवावं. जालन्याच्या दगडी ज्वारीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानं लगेच भाव वाढतो असं नाही, पण वाण आणि मुलूख यांचं नातं कागदावर तरी आलं.

आणि पैसे? मिश्र पीक राखणाऱ्याला एकरी रक्कम सरकारी तिजोरीतून द्यावी. युरोपात बांधावरची झुडपं, जुनी कुरणं राखायला शेतकऱ्याला पैसे देतात. ते दान समजत नाहीत, कामाची मजुरी समजतात.

तुमचा ज्वारीचा एकरी खर्च लिहून पाठवा, पुढच्या लेखात छापतो. फक्त त्यात घरच्या बायकांची मजुरीही धरा, आणि येळवशीच्या आदल्या रात्री चुलीपुढं जागतात तीसुद्धा.