क्लचला घसरताही आलं पाहिजे : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की रीमॅप केलेली (इंजिनच्या संगणकातला प्रोग्रॅम बदलून जोर वाढवलेली) स्कोडा ऑक्टाव्हिया २.० टीडीआय डिझेल मॅन्युअल रोज ऑफिसला न्यायची असेल, तर सहा तुकड्यांची सिरॅमिक क्लच प्लेट (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी घर्षणाची चकती) घेऊ नका. पूर्ण गोलाची ऑरगॅनिक प्लेट आणि तिच्यासोबत तिला फ्लायव्हीलवर (इंजिनच्या टोकाच्या जड चाकावर) दाबून धरणारी, जास्त दाबाची प्रेशर प्लेट पुरेशी आहे. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं : हा भित्र्यांचा सल्ला आहे. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी द्यायचीच, तर मिळेल तो सगळ्यात दणकट क्लच टाकावा. ड्युअल मास फ्लायव्हीलची, म्हणजे मध्ये स्प्रिंगा असलेल्या दोन भागांच्या फ्लायव्हीलची, ब्याद काढून साधा फ्लायव्हील बसवावा. आणि ‘ज्याचा पाय दुखतो त्यानं ऑटोमॅटिक घ्यावी’. शेवटच्या वाक्याला मनापासून हसलो. बाकीच्याबद्दल मात्र माझं मत तेच आहे, आणि तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत तर उत्तरही तसंच द्यायला हवं.

आधी आकडे. ही गाडी कंपनीतून ३२० न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) घेऊन येते. तुमची रीमॅपनंतर ३९० देते असं तुम्ही लिहिलंय. क्लच निवडताना हाच आकडा बघायचा, हॉर्सपॉवरचा नाही. डिझेल टर्बोचा सगळा जोर खालच्या आरपीएमलाच (इंजिनच्या मिनिटाला कमी फेऱ्यांवरच) येतो, त्यामुळे कागदावर पॉवर फार वाढलेली दिसत नसली तरी क्लचवरचा भार बराच वाढलेला असतो. म्हणूनच जुना क्लच पहिल्या-दुसऱ्या गिअरला गप्प बसतो आणि एक्स्प्रेसवेवर खंडाळ्याच्या चढाला पाचव्या गिअरमध्ये उघडा पडतो : ॲक्सिलरेटर दाबला की आरपीएम दाखवणाऱ्या टॅकोमीटरचा काटा झरकन वर, स्पीडोमीटरचा तिथल्या तिथे. खालच्या गिअरमध्ये इंजिन भराभर फिरत वर जातं, त्यामुळे जोराचा काही भाग इंजिनचे स्वतःचेच जड भाग फिरवण्यात खर्ची पडतो. वरच्या गिअरमध्ये टर्बोला पूर्ण प्रेशर भरायला वेळ मिळतो आणि तो सगळा जोर सलग काही सेकंद क्लचवर येतो.

क्लच किती टॉर्क धरेल हे चार गोष्टी ठरवतात : प्रेशर प्लेटचा दाब, प्लेटच्या मालाचं घर्षण, घर्षणाच्या पट्ट्याची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजूंची संख्या. पृष्ठभागाचं क्षेत्रफळ यात नाही, हे अनेकांना पटत नाही. सहा तुकड्यांची प्लेट जास्त धरते ती तुकड्यांमुळे नव्हे, सिरॅमिक मालाचं घर्षण ऑरगॅनिकपेक्षा बरंच जास्त असतं म्हणून. क्षेत्रफळ ठरवतं ते झीज आणि उष्णता कशी वाटली जाईल हे. ३९० साठी साधारण वीस ते पंचवीस टक्के जास्त क्षमता धरा, म्हणजे ४७० ते ४९०. एवढं ऑरगॅनिक प्लेट आणि कडक प्रेशर प्लेटच्या जोडीत मिळतं. तुम्ही सुचवलेला सिरॅमिक सेट ६५० चा आहे. वरचे दीडशे-पावणेदोनशे न्यूटन मीटर तुमचं इंजिन कधी मागणारच नाही. पैसे मात्र त्यांचेही मोजायचे, आणि त्रास रोजचा.

त्रास कसला, ते सांगतो, कारण माझा खरा मुद्दा इथेच आहे. क्लचनं धरून ठेवलं पाहिजे हे सगळेच बोलतात. पण रोजच्या गाडीत तो दिवसातून शेकडो वेळा घसरतोही, आणि ते घसरणं गुळगुळीत असणं हाच त्याचा अर्धा गुण. ऑरगॅनिक प्लेटच्या दोन थरांमध्ये लाटेसारख्या वाकवलेल्या पातळ पोलादी पट्ट्या असतात. पाय उचलताना त्या हळूहळू दबतात, म्हणून पकड टप्प्याटप्प्यानं येते. बहुतेक सिरॅमिक प्लेटमध्ये या पट्ट्या नसतात. परिणामी क्लच विजेच्या बटणासारखा वागतो, चालू नाहीतर बंद. हिंजवडीच्या रांगेत, पुढची गाडी चार फूट सरकली की तुम्ही दोन फूट सरकायचं, अशा वेळी त्या बटणाचं काय करणार?

काय करतो माणूस? गाडी बंद पडू नये म्हणून आरपीएम वाढवतो. आता थोडं गणित. सपाट रस्त्यावर इंजिनचा वेग स्थिर ठेवून गाडी उचलली, तर क्लच पूर्ण पकडेपर्यंत गाडीला जितकी गतिज ऊर्जा मिळते, साधारण तितकीच उष्णता क्लचमध्ये तयार होते. दीड टनाची गाडी आयडलच्या (ॲक्सिलरेटर न देता इंजिन फिरतं त्या वेगाच्या) जवळपास, ताशी ७ किलोमीटरला पकडली तर ही उष्णता ३ किलोज्यूलच्या आत राहते. १,५०० आरपीएमला, म्हणजे ताशी १२ च्या आसपास पकडली तर ८ च्या पुढे जाते. जवळपास तिप्पट, एकाच सिग्नलला. सिरॅमिक ती सहन करेल, त्याबद्दल वाद नाही. पण फ्लायव्हीलचा आणि प्रेशर प्लेटचा चेहरा बीडाचा किंवा पोलादाचा आहे, आणि त्या सहा तुकड्यांखाली तो भाजतो, ओरखडतो. तुम्हीच लिहिलंय की रिव्हर्सला ‘थोडे झटके येतात, पण सवय होते’. सवय तुम्हाला होईल. गिअरबॉक्सच्या आणि इंजिनच्या माउंटिंगला, म्हणजे त्यांना धरणाऱ्या रबरी आधारांना, होत नाही.

ड्युअल मास फ्लायव्हीलबद्दल तुमचा राग समजू शकतो. तो महाग आहे, अनेकदा क्लच सेटपेक्षाही महाग, आणि ढिला झाला की बंद करताना-चालू करताना खडखडतो. पण तो हौसेनं दिलेला नाही. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन दर फेऱ्याला दोन धक्के देतं. १,२०० आरपीएमला ते सेकंदाला ४० होतात, आणि नेमक्या याच आरपीएमला आपण दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रेंगाळत असतो. ड्युअल मासच्या आतल्या लांब कमानीच्या स्प्रिंगा ते धक्के गिअरबॉक्सपर्यंत जाऊ देत नाहीत. एकसंध फ्लायव्हील बसवला की न्यूट्रलमध्ये क्लच सोडताच गिअरचा खळखळाट ऐकू येतो. स्प्रिंगवाली प्लेट थोडी मदत करते, पण तिच्या स्प्रिंगांना तेवढा प्रवास नसतो. पेट्रोल गाडी असती तर मी इतकं ताणलं नसतं. तुम्हाला बदलायचाच असेल तर निदान जड पोलादी घ्या. ॲल्युमिनियमचा हलका फ्लायव्हील डिझेलला लावणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची. रीमॅप केलेल्या गाडीचा ड्युअल मासही अमर नाही. टॉर्क त्याच्या मर्यादेपलीकडे गेला तर आतल्या स्प्रिंगा पूर्ण दबून ठोकायला लागतात. म्हणून गिअरबॉक्स खाली असतानाच तो हातानं फिरवून किती मोकळा चालतो आणि किती डुलतो हे कंपनीच्या मापांशी ताडून बघा. मापाबाहेर असेल तर नवाच टाका. रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेट ढकलणारं) आणि क्रँकचं (इंजिनच्या मुख्य दांड्याचं) मागचं ऑइल सील यांवर कंजुषी करायची ही वेळ नव्हे. नव्या प्लेटवर तेल सांडलं तर सगळा खर्च पाण्यात.

पायाबद्दल. प्रेशर प्लेटचा दाब वाढला की पेडलही जड होतं. गाडी एकटे तुम्हीच चालवत असाल तर तुमचा पाय, तुमची मर्जी. घरात बाबा किंवा बायको चालवत असतील तर त्यांना एकदा विचारा. आणि जड क्लचचा भार फक्त गुडघ्यावर येत नाही. पेडल दाबलेलं असताना तोच जोर रिलीज बेअरिंगमधून क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट वॉशरवर जातो. सिग्नलला पहिला गिअर टाकून पेडल दाबून उभं राहायची सवय ज्यांना आहे, आणि पुण्यात ती कोणाला नाही, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

जास्त टॉर्क आणि हलकं पेडल दोन्ही हवं असेल तर खरा पर्याय ट्विन डिस्कचा, म्हणजे दोन प्लेटांच्या क्लचचा. घासणाऱ्या बाजू दोनाच्या चार होतात, त्यामुळे त्याच दाबात क्षमता दुप्पट. किंमत जबर, पेडल दाबल्यावर थोडा किणकिणाट, आणि सोबत बहुधा एकसंध फ्लायव्हीलच येतो. ५०० न्यूटन मीटरच्या पुढे गेलात तर मी तोच सुचवेन, सिरॅमिक नाही. सिरॅमिक शोभतं आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर क्वार्टर माईल (पाव मैलाची सरळ शर्यत) मारणाऱ्याला. तिथे ऑरगॅनिक प्लेट लागोपाठच्या लाँचमध्ये जळून वास मारायला लागते, हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर. पण ती गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी चांदणी चौकात रांगेत उभी राहत नाही.

तुमच्या झटक्यांबद्दल : क्लच नवा असताना पहिले ७००-८०० किलोमीटर शहरात, पूर्ण ॲक्सिलरेटर न देता चालवलात का? नसाल, तर प्लेट नीट बसलेलीच नाही अशी शक्यता आहे. झटके फक्त थंड गाडीला येतात की गरम झाल्यावरही, आणि रिव्हर्ससोबत पहिल्या गिअरलाही येतात का, हे कळवा. माउंटिंग एकदा तपासून घ्या. प्रेशर प्लेटवरचा नंबरही लिहा, त्यावरून दाब किती आहे ते बघता येईल.